शारीरिक शिक्षण, उच्च माध्यमिक स्तरावरील

शारीरिक शिक्षण, उच्च माध्यमिक स्तरावरील : शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांत, म्हणजे साधारणतः वयाच्या १६ ते १८ या काळात, विद्यार्थ्याने स्वेच्छेने निवडावयाचा व सार्वजनिक परीक्षेत गुण मिळवून देणारा शारीरिक शिक्षणाचा अभ्यासविषय. शाळेच्या वेळापत्रकातील कवायतीचा किंवा खेळाचा तास आणि हा विषय यांत मूलभूत फरक आहे. खेळाच्या तासाचा हेतू मुलांच्या शरीराला व्यायाम घडावा, त्यांना खेळाची गोडी लागावी व संघवृत्ती अंगी बाणावी एवढाच असतो. परीक्षाविषय म्हणून शिकविल्या जाणाऱ्या शारीरिक शिक्षणात मात्र मानवी हालचाल हीच ज्ञानाचा विषय बनते. शरीर कसे चालते, कौशल्य कसे आत्मसात होते, स्पर्धेत मन का डळमळते, विशिष्ट समाजात विशिष्ट खेळ का रुजतो, अशा प्रश्नांची शास्त्रशुद्ध उत्तरे शोधणे हे त्याचे कार्य होय. इंग्लंडमधील ‘ए लेव्हल’ (प्रगत स्तर) परीक्षेतील शारीरिक शिक्षण हे या विषयाचे सर्वांत परिचित उदाहरण असून भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी व बारावीच्या अभ्यासक्रमात तो ऐच्छिक विषय म्हणून शिकविला जातो.

वैचारिक पार्श्वभूमी : शारीरिक शिक्षणाला परीक्षाविषयाचा दर्जा सहजासहजी लाभला नाही. जे ज्ञान शब्दांत मांडता येते तेच खरे ज्ञान, अशी समजूत पाश्चात्त्य शिक्षणपरंपरेत दीर्घकाळ रूढ होती. ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी द कन्सेप्ट ऑफ माइंड (१९४९) या ग्रंथात ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ असा भेद करून दुसरे ज्ञान पहिल्याहून गौण ठरत नाही, असे प्रतिपादन केले. पोहणाऱ्याचे किंवा मल्लाचे कौशल्य हे बुद्धीचेच एक रूप होय, या विचाराला त्यामुळे आधार मिळाला. तथापि आर. एस. पीटर्झ या शिक्षणतत्त्वज्ञांनी एथिक्स अँड एज्युकेशन (१९६६) या ग्रंथात याहून निराळी भूमिका घेतली. विज्ञान किंवा इतिहास यांचा अभ्यास माणसाच्या समग्र जीवनदृष्टीवर प्रकाश टाकतो. खेळातील ज्ञान मात्र त्या खेळापुरतेच सीमित राहते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

अमेरिकेत जेम्स कोनंट यांनी १९६३ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची चिकित्सा करताना शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या दर्जावर कठोर टीका केली. पुढील वर्षी फ्रँक्लिन हेन्री यांनी शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा असल्याचे प्रतिपादन करणारा लेख प्रसिद्ध केला. शरीरक्रियाविज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास इ. शास्त्रांतील हालचालीविषयीचे ज्ञान एकत्र आणल्यास त्या शास्त्रांपैकी कोणत्याही एकात न सामावणारा विषय उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. या मांडणीतूनच पुढे विद्यापीठांत क्रीडाविज्ञानाचे विभाग वाढले व त्यांचा प्रभाव शालेय अभ्यासक्रमांवर पडला. पीटर आर्नल्ड यांनी १९७९ मध्ये हालचालीविषयीचे शिक्षण, हालचालीद्वारा शिक्षण आणि प्रत्यक्ष हालचालीतील शिक्षण असे तीन परस्परपूरक पैलू मांडले. उच्च माध्यमिक स्तरावरील अभ्यासक्रमांची रचना समजून घेण्यास ही त्रिविध विभागणी आजही उपयुक्त ठरते. पहिला पैलू लेखी परीक्षेने तपासता येतो, तिसरा केवळ मैदानावर दिसतो, तर दुसऱ्याचे मोजमाप करणे जवळजवळ अशक्य असते. या विषयाच्या मूल्यमापनातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

इंग्लंडमधील विकास : एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शारीरिक शिक्षणाच्या दोन भिन्न परंपरा होत्या. श्रीमंतांच्या निवासी ‘पब्लिक स्कूल’ शाळांत सांघिक खेळांना चारित्र्यघडणीचे साधन मानले जाई. सामान्यांच्या प्राथमिक शाळांत मात्र जागेच्या व साधनांच्या अभावी कवायतीवर भर असे. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या संस्थेतून प्रसृत झालेल्या स्वीडिश व्यायामपद्धतीचा प्रभावही याच काळात पडला. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश विदुषीने १८८५ मध्ये लंडनमधील हॅम्पस्टेड येथे स्त्रियांसाठी शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले व १८९५ मध्ये ते डार्टफर्ड येथे हलविले. या क्षेत्रात स्त्रियांचे व्यावसायिक प्रशिक्षण पुरुषांच्या कितीतरी आधी संघटित झाले, ही लक्षणीय गोष्ट होय. लीड्स येथील कार्नेगी महाविद्यालयात पुरुषांचे प्रशिक्षण १९३३ मध्ये सुरू झाले.

ए लेव्हल परीक्षा १९५१ मध्ये सुरू झाली. तथापि तीत शारीरिक शिक्षणाला स्थान नव्हते. १९६५ मध्ये आलेल्या ‘सर्टिफिकेट ऑफ सेकंडरी एज्युकेशन’ या परीक्षेत शिक्षकांना स्वतः अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक होती. तिचा लाभ घेऊन १९७० च्या दशकात अनेक शाळांनी शारीरिक शिक्षण परीक्षेसाठी शिकविण्यास प्रारंभ केला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘असोशिएटेड एक्झामिनिंग बोर्ड’ या परीक्षामंडळाने प्रायोगिक स्वरूपात हा विषय ए लेव्हलमध्ये आणला. १९८८ मध्ये सोळा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी जीसीएसई ही नवी परीक्षा प्रथम घेण्यात आली व तीतही शारीरिक शिक्षणाचा समावेश झाला. २००० मध्ये ए लेव्हलचे अभ्यासक्रम घटकनिहाय परीक्षांत विभागण्यात आले. परंतु सप्टेंबर २०१६ पासून शिकविल्या जाणाऱ्या व २०१८ मध्ये प्रथम परीक्षा झालेल्या सुधारित अभ्यासक्रमात ही विभागणी रद्द होऊन दोन वर्षांच्या अखेरीस एकत्रित परीक्षा घेण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : इंग्लंडमध्ये एक्यूए, ओसीआर, पिअर्सन एडेक्सेल व एज्युकास ही परीक्षामंडळे हा विषय घेतात. त्यांच्या उत्तरपत्रिकांची विभागणी वेगवेगळी असली, तरी गाभा समान आहे. त्याचे स्थूलमानाने चार भाग पडतात.

(१) शारीर व शरीरक्रियाविज्ञान : यात अस्थी, सांधे, स्नायू, हृदय व श्वसनसंस्था यांचा अभ्यास येतो, परंतु जीवविज्ञानापेक्षा त्याची दिशा वेगळी असते. येथे अवयवाची रचना ही व्यायामातील कार्याच्या संदर्भात शिकविली जाते. उदा., विश्रांत अवस्थेत हृदय प्रत्येक ठोक्यास सु. ७० मिलि. रक्त बाहेर टाकते. मिनिटास ७२ ठोके धरल्यास एका मिनिटातील हृदयोत्सर्ग सु. ५ लिटर होतो. दीर्घ पल्ल्याच्या प्रशिक्षित धावपटूत तीव्र श्रमाच्या वेळी तो ३० लिटरपर्यंत किंवा त्याहून अधिक जाऊ शकतो. हा फरक कशाने पडतो, हे विद्यार्थ्याने समजावून सांगावयाचे असते. स्नायूंना ऊर्जा पुरविणाऱ्या तीन यंत्रणांचा अभ्यासही महत्त्वाचा आहे. क्रिएटीन फॉस्फेटावर चालणारी यंत्रणा सु. ८ ते १० सेकंद टिकते. ग्लुकोजाचे ऑक्सिजनविरहित विघटन त्यानंतर दोन-तीन मिनिटांपर्यंत प्रमुख वाटा उचलते. दीर्घकाळ चालणाऱ्या श्रमांत ऑक्सिजनाच्या साहाय्याने मिळणारी ऊर्जाच उपयोगी पडते. या तिन्ही यंत्रणा एकाच वेळी चालू असतात. बदलते ते त्यांचे प्रमाण. १०० मी. धावणे आणि मॅराथॉन ही यांची दोन टोके होत. कबड्डीतील ३० सेकंदांच्या चढाईत झेप, हुलकावणी व सुटका या क्रिया पहिल्या यंत्रणेवर होतात. तथापि एका चढाईनंतर दुसरीसाठी सावरण्याचे काम तिसरी यंत्रणा करते. म्हणूनच वेगवान खेळाडूलाही दमसास लागतो.

(२) जीवयामिकी : न्यूटनचे गतिनियम, तरफा, गुरुत्वमध्य, प्रक्षेप्याचा मार्ग व द्रवगतिकी यांचे खेळातील उपयोजन यात येते. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहताना पाय दुसऱ्या प्रकारच्या तरफेप्रमाणे, तर कोपरात हात वाकवून वजन उचलताना अग्रबाहू तिसऱ्या प्रकारच्या तरफेप्रमाणे कार्य करतो. तिसऱ्या प्रकारात बलाची बचत होत नाही. मात्र हाताच्या टोकाला वेग व पल्ला मिळतो. फिरकी दिलेला चेंडू हवेत का वळतो, याचे स्पष्टीकरण मॅग्नस परिणामाने दिले जाते.

(३) कौशल्यसंपादन व क्रीडामानसशास्त्र : पॉल फिट्स व मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या कौशल्यसंपादनाच्या तीन अवस्था येथे अभ्यासल्या जातात. नवशिका प्रथम प्रत्येक हालचालीचा विचार करतो. पुढे चुका कमी होत जातात. अखेरीस क्रिया विनासायास घडू लागते व लक्ष डावपेचांसाठी मोकळे राहते. मल्लखांबाचा सराव करणाऱ्यास या अवस्था स्वतःच्या अंगावर पडताळून पाहता येतात [→ मल्लखांब]. उत्तेजन आणि कामगिरी यांचा संबंध दाखविणारा येर्क्स व डॉडसन यांचा १९०८ चा सिद्धांत, प्रेरणा, संघभावना, नेतृत्व, आक्रमकता इ. विषयही याच भागात मोडतात.

(४) खेळ आणि समाज : औद्योगिकीकरणापूर्वीचे ग्रामीण खेळ, रेल्वेमुळे शक्य झालेले आंतरनगरीय सामने, १८६३ मध्ये फुटबॉल असोशिएशनची स्थापना, हौशी व धंदेवाईक खेळाडूंमधील वर्गभेद यांपासून ते प्रसारमाध्यमे, व्यापारीकरण व उत्तेजक द्रव्ये यांपर्यंतचा अभ्यास यात होतो. फुटबॉल असोशिएशनने १९२१ मध्ये आपल्या संघांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना मनाई केली व ती सु. अर्धशतक टिकली. स्त्रियांच्या फुटबॉलचा विकास खुंटण्यामागे शारीरिक कारण नव्हते, तर संस्थात्मक निर्णय होता, हे या उदाहरणावरून विद्यार्थ्याच्या ध्यानात येते.

मूल्यमापन : सुधारित ए लेव्हलमध्ये लेखी परीक्षेला ७० टक्के व प्रात्यक्षिक मूल्यमापनाला ३० टक्के भार आहे. प्रात्यक्षिकाचे दोन समान भाग असतात. पहिल्यात विद्यार्थी मान्यताप्राप्त यादीतील एकाच खेळात किंवा क्रियाप्रकारात खेळाडू वा मार्गदर्शक म्हणून आपली क्षमता दाखवितो. दुसऱ्यात तो कामगिरीचे विश्लेषण करतो : गुणदोष ओळखणे, त्यांची कारणे सिद्धांताच्या आधारे सांगणे व सुधारणेची योजना आखणे, असे त्याचे स्वरूप असते. शाळेतील शिक्षक गुण देतात व परीक्षामंडळाचा परीक्षक त्यांची पडताळणी करतो. जे खेळ शाळेच्या आवारात दाखविता येत नाहीत, त्यांच्यासाठी चित्रफितीचा पुरावा जोडला जातो. जीसीएसई परीक्षेत पूर्वी प्रात्यक्षिकाला ६० टक्के गुण असत. २०१६ पासूनच्या अभ्यासक्रमात ते ४० टक्क्यांवर आले. दोन्ही स्तरांवर कल लेखी परीक्षेकडे झुकत गेल्याचे यावरून दिसते.

आयर्लंडमध्ये २०१८ साली ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ या शालान्त परीक्षेसाठी हा विषय सुरू झाला व २०२० मध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. तेथे लेखी परीक्षेला ५०, प्रत्यक्ष कामगिरीला ३० व विद्यार्थ्याने पार पाडावयाच्या प्रकल्पाला २० टक्के भार दिलेला आहे. प्रमाणाचा हा फरक म्हणजे केवळ गुणांची वाटणी नसून, विषयाचे सत्त्व कशात आहे याविषयीच्या दोन भिन्न धारणा होत.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रात आखाडे, तालमी, मल्लखांब, लेझीम व देशी खेळ यांची परंपरा जुनी आहे. अमरावती येथे १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून प्रसिद्ध केलेला व्यायाम ज्ञानकोश हा या क्षेत्रातील मराठीतील भरीव ग्रंथप्रकल्प होय. लोणावळ्याजवळ स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधाम या संस्थेत योगक्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण करण्यास प्रारंभ झाला. शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात मद्रास येथील वायएमसीए महाविद्यालय (१९२०), मुंबईतील कांदिवलीची शासकीय प्रशिक्षण संस्था (१९३८) व ग्वाल्हेर येथील लक्ष्मीबाई महाविद्यालय (१९५७) यांचे कार्य महत्त्वाचे आहे. व्यायामाला बौद्धिक अधिष्ठान देण्याचे प्रयत्न भारतात असे पूर्वीपासून झाले. मात्र शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेत त्यांचे प्रतिबिंब उशिरा पडले.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या ऐच्छिक विषयात लेखी परीक्षेला ७० व प्रात्यक्षिकाला ३० गुण आहेत. प्रात्यक्षिकाचे गुण शारीरिक क्षमता चाचणी ६, निवडलेल्या खेळातील प्रावीण्य ७, योगक्रिया ७, नोंदवही ५ व तोंडी परीक्षा ५ असे विभागलेले असतात. बारावीच्या अभ्यासक्रमात क्रीडास्पर्धांचे व्यवस्थापन, मुले व स्त्रिया यांचा क्रीडासहभाग, जीवनशैलीजन्य विकार व योग, विशेष गरजा असणाऱ्या मुलांचे शारीरिक शिक्षण, आहार, चाचणी व मापन, दुखापती, जीवयामिकी, मानसशास्त्र आणि क्रीडाप्रशिक्षण हे घटक येतात. स्पर्धा-व्यवस्थापनात साधे गणितही असते. ११ संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका विजेत्यासाठी दहा संघ बाद व्हावे लागतात, म्हणून १० सामने होतात. ११ पुढील दोनाचा घात १६ असल्यामुळे पहिल्या फेरीत ५ संघांना ‘पुढे चाल’ मिळते. साखळी पद्धतीत त्याच संघांना ५५ सामने खेळावे लागतात. चाचणी व मापन या घटकात ज्येष्ठ नागरिकांच्या क्षमतेसाठी रिक्ली व जोन्स यांनी तयार केलेली चाचणीही आहे. ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, यांसारख्या तिच्यातील कृती विद्यार्थी घरातील आजी-आजोबांबाबत करून पाहू शकतो. विषयाचा व्याप खेळाडूंपुरता मर्यादित नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

इंग्लंडशी तुलना करता दोन भेद ठळकपणे जाणवतात. येथे योगक्रियांना स्वतंत्र गुण आहेत आणि सर्वसाधारण शारीरिक क्षमतेची चाचणी परीक्षेचाच भाग आहे. ए लेव्हलमध्ये विद्यार्थी किती सुदृढ आहे यापेक्षा निवडलेल्या एका खेळात तो किती निपुण आहे, याला महत्त्व असते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या योजनेत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा श्रेणी देणारा अनिवार्य विषय म्हणून आलेला आहे. त्याचे स्वरूप ऐच्छिक परीक्षाविषयाहून भिन्न होय. राज्य वा त्यावरील पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना मिळणारे सवलतीचे क्रीडागुण हीदेखील वेगळी बाब आहे. क्रीडागुण हे मैदानावरील यशाचे पारितोषिक असतात. त्यासाठी विषयाचा अभ्यास करावा लागत नाही.

समस्या व वाद : या विषयाबाबतचा पहिला आक्षेप दर्जाविषयी आहे. तो सोपा असतो, या समजुतीमुळे अभ्यासात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांना तो सुचविला जातो. हृदयोत्सर्गाचे गणित किंवा प्रेरणेचे सिद्धांत समोर आल्यावर त्यांपैकी अनेकांची निराशा होते. युनायटेड किंग्डममधील ‘रसेल ग्रुप’ या प्रमुख विद्यापीठांच्या गटाने २०११ मध्ये प्रवेशासाठी उपकारक अशा शालेय विषयांची यादी प्रसिद्ध केली होती; तीत शारीरिक शिक्षण नव्हते. ही यादी २०१९ मध्ये मागे घेण्यात आली; परंतु मधल्या काळात अनेक शाळांतील विषयनिवडीवर तिची छाया पडली.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो. विषयाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून लेखी भाग वाढवीत गेल्यास ज्याच्यासाठी विषय निर्माण झाला ती हालचालच वर्गातून नाहीशी होते. उत्तम खेळणारा परंतु लेखनात कच्चा विद्यार्थी येथेही मागेच राहतो. प्रात्यक्षिक कमी करण्यामागे मात्र व्यावहारिक कारणही आहे : लेखी उत्तराचे गुण अनेक परीक्षकांत जुळविता येतात, तशी जुळवणी जिम्नॅस्टिक्समधील व फुटबॉलमधील कामगिरीची करणे कठीण असते.

तिसरा प्रश्न समान संधीचा आहे. एका खेळातील प्रावीण्य दोन वर्षांच्या शालेय अध्यापनातून क्वचितच येते. ते बहुधा शाळेबाहेरील क्लब, खाजगी मार्गदर्शन, साधने व प्रवास यांच्या आधारे वर्षानुवर्षे घडलेले असते. पोहण्याचा तलाव किंवा घोडेस्वारीची सोय ज्याच्या आवाक्यात आहे त्याला गुण मिळविणे सुकर जाते. भारतात मैदान नसलेल्या नागरी शाळा, प्रशिक्षित शिक्षकांचा तुटवडा, प्रादेशिक भाषांतील उच्च माध्यमिक पाठ्यग्रंथांची उणीव आणि ठराविक वयानंतर मुलींच्या मैदानावरील वावरावर येणारी बंधने यांची त्यात भर पडते. अपंग विद्यार्थ्यांसाठी अनुरूप क्रीडाप्रकार व ब्रॉकपोर्टसारख्या स्वतंत्र चाचण्या यांची तरतूद झाली आहे. तिची अंमलबजावणी शिक्षकाच्या प्रशिक्षणावर अवलंबून असते.

उपयोग : क्रीडाविज्ञान, भौतिकोपचार, क्रीडामार्गदर्शन, आहारशास्त्र, शिक्षकी पेशा, क्रीडाव्यवस्थापन व क्रीडापत्रकारिता या क्षेत्रांकडे जाणाऱ्यांना हा विषय पायाभूत ठरतो. भौतिकोपचारासारख्या वैद्यकीय शाखांसाठी मात्र जीवविज्ञानाची जोड लागते. ही अट ठाऊक नसल्याने विषयनिवडीत चूक होण्याचा संभव असतो. यापैकी कोणताही व्यवसाय न पत्करणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विषयाचे मूल्य वेगळे आहे. दुखापत झाल्यावर काय करावे, वजन कमी करण्याच्या कोणत्या जाहिराती फोल आहेत, वयपरत्वे व्यायाम कसा बदलावा, यांचा विवेक त्यातून येतो. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासक्रमीय व अभ्यासेतर असा कठोर भेद ठेवू नये, अशी भूमिका घेतली आहे. ती प्रत्यक्षात उतरावयाची, तर मैदान व वर्ग या दोन्ही ठिकाणी अधिकाराने शिकवू शकणारा शिक्षक प्रथम हवा. असा शिक्षक जेथे असतो, तेथे विद्यार्थी सकाळी धावताना आलेला दम दुपारी आलेखावर मांडतो आणि त्या आलेखावरून दुसऱ्या दिवसाच्या धावण्याचा वेग ठरवितो.